उत्तरापासून आकड्यापर्यंत : दख्खनमधील पाहणीशास्त्राचा इतिहास

सामाजिक वा आर्थिक पाहणीच्या अहवालात छापलेला आकडा हा माणसाने दिलेल्या उत्तराचा निदान चौथा अवतार असतो. तोंडी दिलेले उत्तर प्रगणक, म्हणजे घरोघर फिरून माहिती टिपणारा कर्मचारी, कागदावर उतरवतो. त्या शब्दांना कचेरीत एखादा वर्ग आणि त्या वर्गाचा संकेतांक दिला जातो. एका संकेतांकाची सारी उत्तरे मोजून कोष्टक तयार होते. आणि कोष्टकातून सरासरी किंवा टक्केवारी निघते. पाहणीच्या इतिहासात पहिल्या पायरीला, म्हणजे कोण कोणत्या गावात गेले आणि काय विचारले याला, पुष्कळ जागा मिळते; पुढच्या तीन पायऱ्या मेजावर उरकलेले कारकुनी काम म्हणून बाजूला राहतात. वास्तविक निष्कर्षाचे वळण पुष्कळदा त्या मेजावरच ठरलेले असते, आणि पुणे, मुंबई व सातारा या टापूतील माणसांनी व संस्थांनी गेल्या दोनशे वर्षांत केलेल्या कामातून ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

प्रारंभी दोन संज्ञांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. उत्तरदात्याने स्वतः वाचून भरायची ती प्रश्नावली, आणि प्रगणकाने प्रश्न विचारून स्वतःच्या हाताने भरायची ती अनुसूची. साक्षरता कमी असलेल्या देशात मोठ्या पाहण्या अनुसूचीवरच चालल्या, त्यामुळे भारतातील उत्तरांवर पहिला संस्कार प्रगणकाच्या लेखणीचाच झाला.

लोकांची मोजदाद दख्खनला नवी नव्हती. पेशवाईच्या दफ्तरांत घरांच्या व माणसांच्या गणतीचे कागद खानेसुमारी या नावाने आढळतात, आणि कुळे, जमिनी व देणी यांचा तपशील गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या रुमालांत बांधलेला असे. मात्र या नोंदींमागचा हेतू हिशेबाचा होता. प्रत्येक नोंदीला एखादे येणे किंवा देणे चिकटलेले असल्याने एका गावाचे कागद दुसऱ्या गावाच्या कागदांशी ताडून त्यांची सरासरी काढण्याचे प्रयोजन कोणाला पडत नव्हते. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर हे प्रयोजन निर्माण झाले, कारण नव्या ब्रिटिश सत्तेला मुलूख अपरिचित होता. 1820 च्या सुमारास टॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी गावाचे बारकाईने वर्णन लिहिले, आणि 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक केली. कोट्सच्या लेखनात एक गाव संपूर्ण दिसते. साइक्सच्या कामात पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती एका साच्यात येते. वेगवेगळ्या ठिकाणांची उत्तरे एकाच स्तंभात एकाखाली एक मांडता येतात हे गृहीतक इथे प्रथम कामाला लागले. मायदेशी परतल्यावर साइक्स 1834 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापक मंडळींत होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले, म्हणजे दख्खनच्या पाहणीचा अनुभव या शास्त्राच्या इंग्लंडमधील उभारणीतही पोहोचला.

स्तंभात मांडण्यासाठी आधी वर्ग लागतात, आणि वर्ग पाडण्याची सर्वांत काटेकोर पद्धत या प्रदेशात जमिनीच्या मोजणीतून आली. 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या महसुली पाहणीत जमिनीची प्रतवारी आण्यांत केली जाई. मातीचा पोत आणि हातांनी मोजलेली खोली पाहून जमीन नऊपैकी एका प्रतीत घातली जाई. पहिल्या प्रतीला सोळा आणे, शेवटच्या प्रतीला दोन आणे. आणि चुनखडी, रेती, उतार किंवा पाण्याचा लोट असा एकेक दोष आढळला की जमीन एकेक प्रत खाली उतरे. म्हणजे प्रतवारी करणाऱ्याच्या डोळ्यांना दिसलेली माती एका संख्येत बसवली जाई, आणि त्या संख्येवर नंतर गुणाकार-भागाकार करून सारा ठरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये माणसांची मते पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मोजण्याची पद्धत मांडली, आणि ‘पूर्ण सहमत’ व ‘सहमत’ यांतील अंतर ‘सहमत’ व ‘तटस्थ’ यांतील अंतराएवढे मानून त्यांची सरासरी काढावी की नाही हा वाद तेव्हापासून चालू आहे. सोळा आणे आणि चौदा आणे यांतील अंतर हे चौदा आणे आणि बारा आणे यांतील अंतराएवढेच का, हा प्रश्न दख्खनच्या शेतकऱ्यापुढे त्याच्या शंभर वर्षे आधी साऱ्याच्या रूपाने उभा होता. आण्यांच्याच मापात पिकाचा अंदाज बांधणारी आणेवारी आज पैसेवारी झाली आहे, आणि ती पन्नास पैशांच्या वर ठरली की खाली यावर गावाला टंचाईच्या सवलती मिळणार की नाही हे अवलंबून असते. वर्गाची रेघ कुठे ओढायची हा प्रश्न गावकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आला तो या वाटेने.

मोजणीच्या यंत्रणेतील पुढचा महत्त्वाचा बदल जनगणनेत झाला. 1881 व 1891 च्या जनगणनांत उत्तरांची मोजणी मोठ्या तक्त्यांवर रेघा ओढून केली जात असे. 1901 मध्ये बव्हेरियातील पद्धतीवरून चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची माहिती अनुसूचीवरून एका छोट्या चिठ्ठीवर उतरवली जाई, धर्माप्रमाणे चिठ्ठीच्या कागदाचा रंग वेगळा असे, आणि लिंग व वैवाहिक स्थिती दाखवण्यासाठी चिन्हे ठरलेली असत. अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे एकदा वयाप्रमाणे, एकदा जातीप्रमाणे, एकदा व्यवसायाप्रमाणे खणांत वाटायचे आणि प्रत्येक खणातील चिठ्ठ्या मोजायच्या, एवढे हे काम होते. त्यात दोन गुण होते. तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या कसोटीने वाटता येत असल्याने दोन गोष्टींचा परस्परसंबंध दाखवणारी कोष्टके सोपी झाली, आणि एखाद्या खणातील बेरीज चुकली तर तेवढाच खण पुन्हा मोजता येऊ लागला. परंतु कोणता भेद कागदाच्या रंगात जायचा आणि कोणता चिठ्ठीवरील एका शब्दात राहायचा हे पहिली चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच ठरलेले असे. रंगाने दाखवलेला भेद प्रत्येक वाटणीत आपोआप डोळ्यांपुढे येई. इतर भेद मुद्दाम शोधावे लागत. विश्लेषणाची सुरुवात कागद निवडतानाच झालेली असते याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

जनगणनेला सबंध देश मोजायचा होता. एकेका कुटुंबाची आर्थिक स्थिती समजून घेण्याचे काम तिच्या आवाक्यातले नव्हते. ते काम पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावी हाती घेतले आणि त्याचा वृत्तांत 1917 मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या कागदांवरून त्यांनी दाखवले की 1771 मध्ये या गावातील सरासरी धारणा 40 एकर होती आणि 1914-15 पर्यंत ती 7 एकरांवर आली होती. नुसत्या सरासरीवर न थांबता त्यांनी प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज मांडून त्याची तुलना गावाच्या स्वतःच्या राहणीमानानुसार लागणाऱ्या किमान खर्चाशी केली. या तुलनेतून कुटुंबांचे तीन गट पडले: जमिनीवर भागणारी, बाहेरच्या कमाईची जोड मिळाल्याने भागणारी आणि काहीही करून न भागणारी. 1921 मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक या गावाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरांच्या ढिगावर बाहेरून एक रेघ आखायची आणि तिच्या अलीकडे-पलीकडे कुटुंबे मोजायची ही युक्ती पुढे अर्धशतकाने देशव्यापी झाली. तिचे बीज या दोन गावांच्या हिशेबात आहे.

शहरात हेच काम सरकारी पातळीवर झाले. मुंबई सरकारने 1921 मध्ये कामगार कचेरी स्थापन केली आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगारवर्गाच्या कौटुंबिक जमाखर्चाची चौकशी केली. 1923 च्या अहवालात 2,473 कुटुंबांचे आणि 603 एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च विश्लेषणासाठी घेतले होते. धान्य, कापड, सरपण, भाडे यांवर कुटुंबाच्या खर्चाचा कितवा हिस्सा जातो हे अशा चौकशीतून कळते, आणि ते हिस्से भार म्हणून वापरून राहणीखर्चाचा निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या जुडीची किंमत काळानुसार किती बदलली हे सांगणारा आकडा, काढता येतो. 1932-33 मध्ये नवी चौकशी होऊन तिच्या आधारे निर्देशांकाची फेररचना झाली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाशी जोडला गेला. चाळीतल्या खोलीत कोणा गृहिणीने सांगितलेला ज्वारी-तांदळाचा खर्च अशा रीतीने हजारो कामगारांच्या पगाराच्या पाकिटापर्यंत पोहोचला, आणि ‘सरासरी कुटुंब’ ही कोठेही न राहणारी गोष्ट मालक-कामगारांच्या वाटाघाटींत प्रत्यक्ष पक्षकार असल्यासारखी वावरू लागली.

या सर्व प्रयत्नांना संस्थेचे रूप पुण्यात मिळाले. साताऱ्याचे रावबहादुर आर. आर. काळे यांच्या देणगीतून 1930 मध्ये भारत सेवक समाजाच्या छत्राखाली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुण्यातील फळांचा व्यापार, मुंबई इलाख्यातील मोटारवाहतूक, वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च असे विषय या संस्थेने पहिल्या दशकात हाताळले. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग 1945 मध्ये आणि दुसरा 1952 मध्ये प्रसिद्ध झाला, दरम्यान ना. वि. सोवनी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूर शहराची पाहणी झाली, आणि 1956 मध्ये पुण्याच्या फेरपाहणीचा अहवाल निघाला. त्याच शहराकडे काही वर्षांनी पुन्हा जायचे, तर जुने वर्ग जसेच्या तसे ठेवावे लागतात, नाहीतर व्यवसाय बदलले की वर्गीकरण बदलले हे सांगता येत नाही. म्हणून संकेतांकांची यादी आणि ती कशी वापरली याच्या सूचना या अनुसूचीइतक्याच जपून ठेवण्याच्या वस्तू ठरल्या.

हाताने सारणी करण्याच्या काळात संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे नेमके काय येई, हे एका कल्पित नोंदीवरून समजेल. ‘धंदा’ या रकान्यात एका स्त्रीसंबंधी ‘घरकाम, सुगीत मजुरी, दोन म्हशींचे दूध घालते’ असे लिहिलेले आहे. यादीत मात्र एका माणसाला एकच मुख्य व्यवसाय. वेळेच्या कसोटीने ती गृहिणी ठरते, पैशाच्या कसोटीने दूधविक्रेती, आणि मजुरांची संख्या हवी असलेल्या अभ्यासकाच्या दृष्टीने शेतमजूर. तिन्ही उत्तरे खरी असूनही कोष्टकात एकच जाते. कोष्टक तयार झाल्यावरचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो. समजा, शंभर कुटुंबांपैकी चाळीस गिरणीत काम करणारी आहेत, एकूण तीस कर्जबाजारी आहेत आणि त्यांतील वीस गिरणीतली आहेत. आडव्या ओळीची टक्केवारी काढणारा म्हणेल की कर्जबाजाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश गिरणी कामगार आहेत. उभ्या स्तंभाची काढणारा म्हणेल की गिरणी कामगारांपैकी निम्म्यांवर कर्ज आहे, इतरांत हे प्रमाण एक-षष्ठांश आहे. पहिले विधान कर्जवाटप करणाऱ्या पेढीच्या कामाचे, दुसरे कामगारांच्या स्थितीचे कारण शोधणाऱ्याच्या. कशाचा परिणाम कशावर होतो याविषयीची कल्पना आधी ठरवूनच टक्केवारीची दिशा निवडावी लागते. ती कल्पना आकड्यांतून आपण होऊन बाहेर येत नाही.

स्वातंत्र्यानंतर या कामाचा व्याप एकदम वाढला. 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष सांख्यिकीतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते आणि गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. आकडेवारीतील पोकळ्या भरून काढण्यासाठी नमुना पाहणीचा मार्ग पुढे आला, आणि 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर 1950 ते मार्च 1951 या पहिल्या फेरीसाठी देशभरातील साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांतून 1,833 खेडी निवडली गेली. नमुना पाहणीत प्रत्येक उत्तराला एक भार असतो: एखाद्या तालुक्यातील शंभरपैकी पाच गावे आणि त्यांपैकी प्रत्येक गावातील दोनशेपैकी दहा कुटुंबे निवडली, तर निवडलेले प्रत्येक कुटुंब चारशे कुटुंबांच्या वतीने बोलते. त्याने दिलेल्या उत्तरात चूक असली तर तीही चारशेपट होते. म्हणून महालनोबिसांनी एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र, एकमेकांत गुंफलेले नमुने घेऊन ते वेगवेगळ्या चमूंकडून तपासण्याची पद्धत रूढ केली. दोन चमूंच्या आकड्यांतील फरक ही एकंदर अनिश्चिततेची दिसणारी खूण होती. मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी याच काळात पीककापणी प्रयोगांच्या क्षेत्रात काम करताना महालनोबिसांशी मतभेद मांडला: मोजणीचा तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगते. मोजणाऱ्याच्या हाताचा कल सरासरीत लपून जात नाही, तो तिच्यात भर घालतो, हा त्या वादाचा सारांश होता. 1956 मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संगणक आला, आणि 1968 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी तयार झालेल्या एसपीएसएस या संगणकप्रणालीने पुढे कोष्टके तयार करण्याचे श्रम जवळजवळ नाहीसे केले. वर्ग आणि रेघा ठरवण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

ती रेघ सर्वांत प्रसिद्ध झाली 1971 मध्ये. गोखले संस्थेतील विनायक महादेव दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1960-61 च्या कोष्टकांत लोकसंख्या दरडोई खर्चाच्या गटांत विभागलेली होती. ज्या गटाचा सरासरी आहार दर माणशी दर दिवशी 2,250 कॅलरी भरतो त्या गटाचा खर्च त्यांनी किमान मानला. ग्रामीण भागासाठी ही मर्यादा महिन्याला 15 रुपये आणि शहरी भागासाठी साडेबावीस रुपये ठरली, आणि तिच्या खाली ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे 40 टक्के व शहरी लोकसंख्येतील सुमारे 50 टक्के लोक आढळले. इथे कोणालाही नवा प्रश्न विचारला गेला नव्हता; दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचे कोष्टक नव्या कसोटीवर लावले होते, आणि तरीही देशाच्या धोरणचर्चेची भाषा बदलली.

या रेघेला आव्हानही त्याच परिसरातून मिळाले. जागतिक अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेल्या सुखात्म्यांनी म्हटले की शरीराची उष्मांकाची गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी समजणे सांख्यिकीदृष्ट्या चूक आहे. रेघ सरासरीच्या बरीच खाली, स्वाभाविक चढउतार वजा करून आखली पाहिजे. साताऱ्यातच जन्मलेल्या दांडेकरांनी 1981 मध्ये आणि त्यानंतर उत्तर दिले, आणि दारिद्र्य व कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी कोणत्या कसोटीने मोजायच्या यावर दोघांत दीर्घ वाद झडला. दोघांसमोरचे कोष्टक एकच होते. सरासरी ही गरजेची सीमा मानायची की एका विस्ताराचा मध्य, एवढ्या एका प्रश्नावर कोट्यवधी माणसे रेघेच्या या बाजूची की त्या बाजूची हे ठरत होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वादाचे केंद्र उलट दिशेने, पहिल्या पायरीकडे सरकले. खाण्यापिण्याचा खर्च विचारताना मागचे किती दिवस आठवायला सांगायचे याला संदर्भकाल म्हणतात. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये केलेल्या प्रयोगांवरून तीस दिवसांचा काळ पसंत केला गेला होता. 1994 ते 1998 या काळातील फेऱ्यांत काही कुटुंबांना तीस दिवसांची आणि काहींना खाद्यपदार्थांसाठी सात दिवसांची अनुसूची देऊन तुलना केली तेव्हा सात दिवसांच्या अनुसूचीत खर्च इतका जास्त भरला की तिच्या आधारे मोजल्यास गरिबांचे प्रमाण जवळजवळ निम्मे दिसले असते. त्यानंतर 1999-2000 च्या 55 व्या फेरीत खाद्यपदार्थांसाठी दोन्ही संदर्भकाल एकाच कागदावर शेजारीशेजारी आले. अधिकृत आकडा 1993-94 मधील 36 टक्क्यांवरून 26.1 टक्क्यांवर उतरला, आणि अर्थतज्ज्ञ अभिजित सेन यांच्यासारख्या टीकाकारांनी दाखवून दिले की एकाच बैठकीत दोन्ही प्रश्न विचारल्यावर एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून घेतले जाते, त्यामुळे या फेरीची तुलना मागच्या फेऱ्यांशी करता येत नाही. गरिबी किती घटली आणि कागदाची मांडणी किती बदलली यांची फोड करण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

2022-23 च्या खर्चपाहणीत अनुसूचीचे तीन भाग करून ते तीन महिन्यांत तीन भेटींत भरले गेले आणि कागदाची जागा हातातल्या टॅबने घेतली. पूर्वी कचेरीत दिला जाणारा संकेतांक आता उंबरठ्यावर, पडद्यावरील यादीतून निवडला जातो. मधली कारकुनी पायरी गळून पडते, वेळ वाचतो, आणि प्रत्येक कुटुंबाची ओळ तिच्या भारासह अभ्यासकांना विश्लेषणासाठी उपलब्ध होते. परंतु कुलकर्ण्याच्या रुमालात, 1901 च्या चिठ्ठीवर किंवा गोखले संस्थेच्या हाताने भरलेल्या अनुसूचीवर निदान एक शब्द शिल्लक राहत असे, ज्यावरून नंतर येणाऱ्या कोणी वेगळा वर्ग पाडू शकला असता. मानांनी पिंपळे सौदागरच्या जुन्या कागदांचा आणि दांडेकर-रथांनी दुसऱ्यांच्या कोष्टकांचा नवा अर्थ लावला तो अशा शिल्लक राहिलेल्या तपशिलावरच. दोन म्हशींचे दूध घालणाऱ्या त्या स्त्रीचे उत्तर आता दारातच एका अंकात मिटते, आणि कचेरीतल्या ज्या मेजावर पूर्वी तीन कसोट्यांची चर्चा होऊ शकत होती ते मेज यादी तयार करणाऱ्याकडे, पाहणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी, जाऊन पोहोचले आहे.